हात हलका ठेवा, बॉस!

पाच पात्यांच्या कार्ट्रिजनंही गळ्यावरची आग थांबत नसेल, तर बाबांच्या जमान्यातल्या एका पात्याच्या सेफ्टी रेझरला एक चान्स देऊन बघा. महिनाभर शिकावं लागेल. पण नंतर चेहरा आणि पाकीट दोघंही दुवा देतील!

दाढीचं सामान कुलूपबंद काचेच्या कपाटात ठेवणारी दुकानं तुम्ही पाहिली असतील. चॉकलेटं बाहेर, बिस्किटं बाहेर, शाम्पू बाहेर आणि चार कार्ट्रिजचं इवलंसं पाकीट मात्र थेट कॅशिअरच्या नजरेखाली. असं का, ते बिल हातात आल्यावर कळतं.

बरं, एवढे पैसे मोजून होतं काय? गाल छान गुळगुळीत होतात. पण गळा? कॉलरच्या आत जिथे घाम साचतो, नेमकी तिथेच लाली. बारीक बारीक फोड. दुपारी क्लायंट मीटिंगमध्ये बसल्या बसल्या हात नकळत गळ्याकडे जातो. त्यात मुंबईची दमट हवा, लोकलमधली गर्दी आणि ‘क्लीन शेव्हन’ची अपेक्षा ठेवणारं ऑफिस. मग आपण काय करतो? कार्ट्रिज महाग म्हणून एकच दोन-दोन महिने ओढतो. ते बोथट होतं, म्हणून जोर लावतो. जोर लावला की आग आणखी वाढते. आणि शेवटी ‘माझी स्किनच सेन्सिटिव्ह आहे रे’ असं म्हणून गप्प बसतो.

दर वेळी दोष स्किनचाच असतो असं नाही. बऱ्याचदा तो हाताचा असतो, म्हणजे हाताला कुणी काही शिकवलेलंच नसतं. कार्ट्रिजमध्ये अँगल कंपनीनं ठरवलेला, डोकं आपोआप वळणारं, वर जेलची पट्टी. तुम्ही फक्त ओढायचं. सेफ्टी रेझर तसा नाही. तो तुम्हाला दाढी करायला शिकवतो. गंमत म्हणजे त्याचा सगळा अभ्यासक्रम दोन शब्दांत मावतो : हलका हात.

एकाच पात्याचा फंडा

सेफ्टी रेझर म्हणजे दांडा, त्यावर प्लेट, प्लेटवर पातळ दुधारी ब्लेड आणि वरून झाकण. झाकण घट्ट केलं की ब्लेड किंचित वाकतं आणि दोन्ही बाजूंना त्याची अगदी बारीकशी कड बाहेर राहते. कडेच्या खाली एक पट्टी असते. ती त्वचेला जरा दाबून धरते आणि ब्लेडला खोल जाऊ देत नाही. नावातली ‘सेफ्टी’ ती हीच.

तीन-पाच पात्यांच्या कार्ट्रिजचं तंत्र वेगळं आहे. पहिलं पातं केसाला पकडून जरा वर ओढतं आणि तो परत आत जायच्या आत पुढचं पातं त्याला कापतं. त्यामुळे केसाचं टोक त्वचेच्या पातळीच्याही खाली जातं. हात फिरवला की एकदम स्मूथ! पण केस राठ किंवा कुरळा असेल, तर परत उगवताना तो बाहेर यायच्या ऐवजी आतल्या आत वळतो आणि त्वचेतच रुततो. गळ्यावरच्या फोडांमागचं हे एक मोठं कारण. शिवाय पाच पात्यांचा एक हात म्हणजे त्वचेवरून पाच वेळा पातं फिरलं. सेफ्टी रेझरमध्ये एका वेळी एकच पातं चालतं आणि ते केस त्वचेच्या पातळीवर कापतं.

आता कुणी म्हणेल, ‘उघडं ब्लेड? नको रे बाबा!’ पण हे ब्लेड तुमच्या गालावरून आधीच फिरलेलं आहे. सलूनमध्ये दाढीला बसलात की सलूनवाला कागदातून नवीन ब्लेड काढतो, मधोमध कट्कन मोडतो आणि अर्धं वस्तऱ्यात बसवतो. आठवलं? ते हेच दुधारी ब्लेड. वस्तऱ्याला तर खालची पट्टीही नसते आणि हात दुसऱ्याचा असतो. तरी आपण डोळे मिटून निवांत पडतो, कारण त्याचा हात हलका आहे हे आपल्याला माहीत असतं.

थोडी हिस्ट्री, थोडा बिझनेस

किंग कॅम्प जिलेट हा अमेरिकन माणूस सेल्समन होता, बाटल्यांची दातेरी बुचं बनवणाऱ्या कंपनीत. एकदा वापरलं की फेकून द्यायचं आणि गिऱ्हाईक परत यायचं, असं काहीतरी काढ, हा मंत्र त्याला तिथेच मिळाला. तेव्हाच्या रेझरना जाड पातं असायचं आणि त्याला सतत धार लावावी लागायची. पत्र्याइतकं पातळ आणि स्वस्त ब्लेड करायचं, ही जिलेटची आयडिया. पातळ पोलादाला टिकाऊ धार आणायची डोकेदुखी विल्यम निकर्सन या इंजिनीअरनं सोडवली. १९०३ मध्ये पहिल्यांदा माल बाजारात आला, तेव्हा वर्षभरात विकले गेले फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेड! पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांच्या घरात गेला. १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धात, अमेरिकन सरकारनं सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख ब्लेड मागवली. सैनिक घरी परतले आणि रोज सकाळी स्वतःची दाढी स्वतः करायची सवयही सोबत घेऊन आले.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. जिलेटला १९०४ मध्ये मिळालेलं पेटंट १९२१ मध्ये संपलं. मग कुणीही दुधारी ब्लेड बनवायला मोकळा झाला. म्हणूनच आज कुठल्याही कंपनीचं दुधारी ब्लेड कुठल्याही कंपनीच्या सेफ्टी रेझरमध्ये बसतं. स्पर्धा खुली, त्यामुळे भाव खाली. आपल्याकडे टोपाझ, सुपर-मॅक्स, सेव्हन ओ’क्लॉक ही नावं बाबांच्या पिढीला तोंडपाठ होती.

कार्ट्रिजचं तसं नाही. १९७१ मध्ये दोन पात्यांचं ट्रॅक टू आलं, १९९८ मध्ये तीन पात्यांचं मॅक थ्री, २००६ मध्ये पाच पात्यांचं फ्युजन. दर वेळी नवं डोकं, नवं पेटंट. एकदा एक दांडा घेतला की त्यात त्याच कंपनीचं डोकं बसणार. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, तोच हा खेळ.

पाकिटाचं गणित

भाव दुकानागणिक बदलतात, पण हिशोब सोपा आहे. समजा, तुम्ही महिन्यातून २२ दिवस, म्हणजे ऑफिसच्या दिवशी, दाढी करता. वर्षाच्या झाल्या २६४. एक कार्ट्रिज १५० रुपयांचं धरलं आणि ते दहा दाढ्या चाललं, तर वर्षाला २६-२७ कार्ट्रिज, म्हणजे साधारण ४ हजार रुपये. दुधारी ब्लेड ४ रुपयांचं धरलं आणि ते पाच दाढ्यांनंतर बदललं, तर वर्षाला ५३ ब्लेड, म्हणजे साधारण २१२ रुपये. हो, वर्षाचे!

सुरुवातीला रेझर, ब्रश आणि क्रीमचा खर्च येतो, पण तो काही महिन्यांत वसूल होतो. रेझर धातूचा असतो. नीट वापरला तर तो तुमच्या नोकऱ्यांपेक्षा जास्त टिकेल. पण खरा फायदा वेगळाच आहे. ब्लेड स्वस्त असल्यामुळे ते बोथट व्हायच्या आत फेकायला जिवावर येत नाही. रोज धारदार पातं मिळतं, मग जोर लावायची गरजच उरत नाही.

शॉपिंग लिस्ट

*रेझर :* पहिल्यांदा घेताना ‘माइल्ड’ प्रकार आणि ब्लेडखाली सरळ पट्टी असलेला घ्या. कंगव्यासारखे दाते असलेला नंतर कधीतरी. तीन तुकड्यांत सुटणारा रेझर धुवायला सोपा आणि बिघडायला त्यात काही नाही. दांडा फिरवला की वरची दोन दारं उघडणारा ‘बटरफ्लाय’ प्रकार ब्लेड बदलायला सोपा. भारतीय बनावटीचे चांगले रेझर हजारच्या आत-बाहेर मिळतात. मर्कूर, एडविन जॅगर असे इम्पोर्टेड ब्रँड शौक लागल्यावर घ्या. घरात बाबांचा किंवा आजोबांचा जुना रेझर सापडला, तर जुन्या टूथब्रशनं साबण लावून स्वच्छ घासा आणि प्लेट वाकलेली नाही ना, ते बघा. ठीक असेल तर तोच वापरा.

*ब्लेड :* एकदम शंभरचा डबा आणू नका. तीन-चार ब्रँडची छोटी पाकिटं घ्या. एका चेहऱ्याला जे ब्लेड लोण्यासारखं चालतं, ते दुसऱ्याला ओरबाडतं. मात्र दर दिवशी ब्रँड बदलू नका. पहिले दोन आठवडे एकच ठेवा, नाहीतर चूक हाताची की ब्लेडची, ते कळणारच नाही. जपानी फेदर ब्लेड धारेसाठी प्रसिद्ध आहे. म्हणूनच नवशिक्यानं त्याच्यापासून जरा लांब राहावं.

*ब्रश आणि क्रीम :* फोमचा डबा बाजूला ठेवा. ब्रशनं घुसळलेला फेस जास्त ओला आणि निसरडा असतो, आणि ब्लेडला तेच हवं असतं. सिंथेटिक केसांचा ब्रश स्वस्त, लवकर वाळणारा. क्रीम कुठलंही चालेल, बाथरूमच्या कपाटात पडलेलं साधंसुद्धा. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल, तर फेस कमी होतो. क्रीम थोडं जास्त घ्या.

*तुरटी :* किराणा दुकानात मिळणारा खडा. हिचं काम पुढे सांगतो.

आधी चेहऱ्याचा नकाशा

हे होमवर्क रेझर हातात घ्यायच्या आधीचं आहे. एक दिवस दाढी वाढू द्या आणि बोटं चेहऱ्यावरून हळू फिरवा. ज्या दिशेनं बोट सहज सरकतं, ती केसांची दिशा. जिथे खुंट टोचतात, ती उलटी दिशा. गालावर केस बहुतेकांचे वरून खाली असतात. खरी भानगड गळ्यावर. तिथे काहींचे केस खालून वर येतात, काहींचे कानाकडे आडवे जातात, काहींच्या कंठमण्याशेजारी चक्क भोवरा असतो. डावी बाजू उजवीसारखी असेलच असंही नाही.

आपल्यापैकी अनेक जण वर्षानुवर्षं गळ्यावर खालून वर रेझर ओढतात, कारण जाहिरातीतला हीरो तसंच करतो. ज्याचे केस वरून खाली वाढतात, तो म्हणजे रोज सकाळी पहिल्याच हाताला उलटी दाढी करतोय. मग आग होणार नाही तर काय! कागदावर चेहरा काढून बाण मारून ठेवा, किंवा मोबाइलमध्ये फोटो काढून त्यावर. हसू नका. या एका नकाशानं निम्मा प्रॉब्लेम सुटतो.

पहिली दाढी रविवारी

सोमवारी सकाळी, आठ-बाराची लोकल पकडायची असताना पहिला प्रयोग करू नका. सुट्टीचा दिवस निवडा. २० मिनिटं हातात ठेवा.

*१. पाणी :* अंघोळीनंतर दाढी करा. कोरडा केस कडक असतो. दोन-तीन मिनिटं कोमट पाणी मिळालं की तो फुगतो, मऊ होतो आणि कापायला जोर लागत नाही.

*२. ब्लेड बसवणं :* ब्लेड नेहमी आखूड, धार नसलेल्या बाजूंनी धरा. झाकण उलटं ठेवा, त्यावर ब्लेड, त्यावर प्लेट आणि मग दांडा घट्ट करा. समोर धरून बघा, दोन्ही बाजूंना ब्लेड सारखंच बाहेर आलंय ना? तिरकं असेल तर परत बसवा.

*३. फेस :* ब्रश भिजवून जास्तीचं पाणी झटका. बदामाएवढं क्रीम घ्या आणि गोल गोल फिरवत, थेंब थेंब पाणी घालत फेस करा. तो घट्ट दह्यासारखा आणि चमकदार दिसला पाहिजे. मोठमोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं. कोरडा, खडूसारखा दिसला तर कमी.

*४. अँगल :* झाकणाचा माथा गालाला टेकवा. दांडा जवळपास आडवा, चेहऱ्यापासून सरळ बाहेर येईल. आता दांडा हळूहळू खाली आणा. ब्लेड केसांना टेकलं की थांबा. ब्लेड आणि त्वचा यांच्यात साधारण ३० अंशांचा कोन झाला. कान द्या, बारीक खरखर आवाज आला तर अँगल बरोबर. आवाज बंद झाला म्हणजे पट्टीच घासतेय किंवा झाकणच सरकतंय.

*५. हात :* दांडा मुठीत आवळू नका. बोटांच्या टोकांनी, शेवटाजवळ धरा. धातूचा रेझर साधारण ७०-८० ग्रॅमचा असतो. केस कापायला तेवढं वजन पुरतं. तुम्ही फक्त त्याला दिशा दाखवायची. हात एक इंचाचे, छोटे. दोन-तीन हात झाले की रेझर पाण्यात बुडवा, उलटा करा आणि दुसरी बाजू वापरा.

*६. क्रम :* आधी गाल, कारण ते सपाट आणि सोपे. मग कल्ले, गळा, मिशीची जागा आणि शेवटी हनुवटी. तिथले केस सगळ्यात राठ, त्यांना जितका जास्त वेळ फेसात भिजायला मिळेल तितकं चांगलं. मोकळ्या हातानं त्वचा ताणून धरा. मिशीच्या जागी वरचा ओठ दातांवर खाली ओढा. जबड्याच्या हाडावर रेझर वळवण्यापेक्षा गालाची त्वचा वर ओढून ती जागा सपाट करून घ्या.

*७. बस्स! :* पहिल्या दिवशी फक्त सुलटा हात. केसांच्या दिशेनं एकदाच. खुंट राहतील, राहू द्या. त्याच जागी फेस नसताना ‘एक शेवटचा हात’ मारायचा मोह होईल. तो मोह आवरा. फेस नाही तिथे ब्लेड नाही, हा नियम भिंतीवर लिहून ठेवा.

मग गार पाण्यानं चेहरा धुवा आणि ओल्या त्वचेवर तुरटी फिरवा. अर्ध्या मिनिटानं परत धुऊन, टिपून, साधं मॉइश्चरायझर किंवा अल्कोहोल नसलेला आफ्टरशेव्ह लावा.

तुरटी हे तुमचं प्रगतिपुस्तक आहे. जिथे ती चुरचुरते, तिथे तुम्ही जोर लावलात. पहिल्या दिवशी सगळा चेहरा चुरचुरेल. तिसऱ्या आठवड्यात कदाचित फक्त जबड्याखालचा एक कोपरा. मग कळतं की आता तेवढ्याच कोपऱ्यावर काम करायचंय.

चार आठवड्यांचा कोर्स

*पहिला आठवडा :* फक्त सुलटा हात. शक्य असेल तर एक दिवसाआड.

*दुसरा आठवडा :* सुलट्या हातानंतर परत फेस लावून गालांवर आडवा हात.

*तिसरा आठवडा :* आडवा हात गळ्यावरही. बहुतेकांना ऑफिससाठी एवढं पुरतं.

*चौथा आठवडा :* हवा असेल तर गालांवर उलटा हात. गळ्यावर उलटा हात मारायलाच हवा असं काही नाही. गळा शांत राहणं महत्त्वाचं, आरशासारखा चमकणं नाही.

हा कोर्स सगळ्यात लवकर कुणाला जमतो? ज्याला घाई नसते त्याला. आयटीतल्या एका मित्रानं पहिल्या आठवड्यात तीनदा कापून घेतलं आणि वैतागून बाबांना विचारलं, “बाबा, तुम्ही रोज पाच मिनिटांत कसं काय उरकायचात हो?” बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, “अरे, तू दाढी करतोस की भांडं घासतोस? हात हलका ठेव. बाकी ते ब्लेड करतं.” याहून मोठं लेक्चर नाही. वाईट एवढंच की अनेक घरांत हे वाक्य मुलापर्यंत पोचलंच नाही. त्याला मिसरूड फुटेपर्यंत घरात कार्ट्रिज आलं होतं, त्यामुळे सांगायची वेळच आली नाही.

कापलंच तर?

घाबरू नका. जखम बहुधा टाचणीच्या टोकाएवढी असते. गार पाणी लावा, तुरटी दाबून धरा. थांबलं नाही तर स्वच्छ टिश्यू दोन मिनिटं दाबून ठेवा. आणि का कापलं ते बघा. रेझर आडवा सरकला का? ब्लेड ज्या दिशेनं कापतं त्याच दिशेनं न्यायचं, सुरीसारखं बाजूला कधीच सरकवायचं नाही. फोडावरून गेला का? जबड्याच्या वळणावर जोर दिला का? बहुतेक वेळा उत्तर या तिघांत सापडतं.

ब्लेड ओढायला लागलं तर त्या क्षणी बदला. पोलाद केसापेक्षा कितीतरी कठीण, मग ते बोथट होतं कसं? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं आणि २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं. धार नुसती झिजत नाही. केस कापताना वाकतो आणि ठरावीक कोनात, धारेच्या नेमक्या कच्च्या जागी आला की तिथला सूक्ष्म टवका उडतो. तुमच्या ‘मऊ’ दाढीतही एवढी ताकद असते! म्हणून पाच-सहा दाढ्या झाल्या की चार रुपयांचा मोह सोडा. आणि ब्लेडची धार टॉवेलनं पुसू नका. धार बिघडते आणि बोटही कापतं. नुसतं धुवा, झटका आणि कोरड्या जागी ठेवा.

चेहऱ्यावर पिकलेले फोड असतील, जखमेचे वण जाड होऊन वाढत असतील किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि रूममेट कितीही जिवलग असला तरी रेझर आणि ब्लेड शेअर करायचं नाही. हेपेटायटिस बी, हेपेटायटिस सी असे आजार रक्तातून पसरतात आणि कापल्याचं प्रत्येक वेळी दिसतंच असं नाही.

लक्षात ठेवा

*ब्लेड फेकताना :* वापरलेलं ब्लेड सुटं कचऱ्यात टाकणं हा शुद्ध बेजबाबदारपणा. तुमच्या सोसायटीचा कचरा कुणीतरी हातानं वेगळा करतं. एका रिकाम्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडा आणि त्यात ब्लेड टाकत जा. डबा भरायला काही वर्षं लागतील. भरला की चिकटपट्टीनं बंद करून, त्यावर ‘ब्लेड’ असं मोठ्या अक्षरांत लिहून, कचरा नेणाऱ्यांना सांगून द्या.

*प्रवासात :* विमानात केबिन बॅगेत सुटं ब्लेड चालत नाही. चेक-इन बॅगेत ठेवा किंवा पोचल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातून घ्या.

*तिच्यासाठीही :* बायकांसाठीचा सेफ्टी रेझर जिलेटनं १९१५ मध्येच आणला होता. पायांसाठी तंत्र हेच : भरपूर फेस, छोटे हात, जोर नाही. घोटा आणि गुडघ्याशी जपून. गुलाबी रंगाच्या कार्ट्रिजसाठी जादा पैसे मोजणाऱ्या मैत्रिणीला हे जरूर सांगा.

मग, करायचं का?

सगळ्यांनीच करायला पाहिजे असं नाही. ज्याला कार्ट्रिजनं काहीच त्रास होत नाही, ज्याच्यासाठी दाढी म्हणजे दोन मिनिटांत उरकायचं काम आहे, त्यानं उगाच ट्रेंड म्हणून रेझर बदलू नये. महिनाभर नीट प्रयत्न करूनही गळा शांत झाला नाही, तर ट्रिमर आहेच. बारीक खुंट ठेवले तर जग काही बुडत नाही, आणि आजकाल बरीच ऑफिसंही त्यावर काही बोलत नाहीत.

पण रोज सकाळी आरशासमोर उभं राहताना ‘आज किती आग होणार’ हा विचार येत असेल, तर हा एक महिना द्या. सरावानं २० मिनिटांची १५ होतात, मग १० आणि तिथेच थांबतात. त्या दहा मिनिटांत एक हात गाल ताणण्यात आणि दुसरा रेझरवर, त्यामुळे मोबाइल बघता येत नाही. बॉसचा मेल तेवढा वेळ थांबतो.

सुरुवात आजच करता येईल आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. रात्री झोपायच्या आधी गळ्यावरून बोट फिरवा. खाली, वर, आडवं. कुठे सरकतं आणि कुठे टोचतं, एवढंच लक्षात ठेवा. उद्या सकाळी हातात जुनं कार्ट्रिज असलं, तरी ते टोचत नाही त्या दिशेनं ओढा. हलक्या हातानं.